याऊझेपलीकडचे कुंभार

कोणत्याही जुन्या राजधानीचा इतिहास वाचावयास घेतला म्हणजे एक अनुभव हटकून येतो. राजवाडा कोणी बांधला, त्यावर कळस कोणी चढविला, कोणत्या साली कोणता राजा तेथून पळाला आणि कोणता परत आला, हे सारे तपशीलवार सापडते. परंतु त्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जी मडकी चुलीवर चढत ती कोणी घडविली, असे विचारू गेल्यास ग्रंथकार मुके होतात. यात त्यांचा फारसा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. मडके फुटते, खापऱ्या उकिरड्यावर जातात, आणि घडविणाऱ्याचे नाव लिहून ठेवण्याची गरज त्याच्या गिऱ्हाइकास कधी वाटलेली नसते. तथापि शहरांस त्यांची स्वतःची अशी एक स्मरणशक्ती असते. ती गल्लीबोळांच्या आणि घाटांच्या नावांत दडून बसते, आणि बखरकार जे विसरला ते पुष्कळदा तीच सांगते.

मॉस्को शहराचा नकाशा समोर घेऊन बसले असता या स्मरणशक्तीचा प्रत्यय चांगला येतो. क्रेम्लिनच्या तटापासून मॉस्क्वा नदीच्या प्रवाहाबरोबर खाली चालू लागले तर अर्ध्या तासाच्या आत डाव्या हाताने याऊझा नावाची एक लहानशी नदी येऊन तिला मिळते. या संगमाच्या पलीकडे जमीन एकदम वर चढते. या चढावास आणि त्यामागील टेकडीस मिळून रशियन लोक झायाऊझ्ये, म्हणजे ‘याऊझेपलीकडचा मुलूख’, असे म्हणतात. येथील नावे पाहावीत. टेकडीवरून जाणारा रस्ता गोंचार्नाया, म्हणजे कुंभारांचा. नदीकाठचा रस्ता कोतेल्निचेस्काया, म्हणजे हंडे-कढया घडविणाऱ्यांचा. वरचा चौक तागान्का. चुलीवर भांडे ठेवण्याच्या लोखंडी तिपाईस ‘तगान’ म्हणतात, आणि त्या तिपाया करणाऱ्यांवरून हे नाव पडले असे सामान्यतः मानतात. जवळच बोल्वानोव्का आहे. टोपी ज्यावर बसवून आकारास आणतात त्या लाकडी ठोकळ्यास ‘बोल्वान’ म्हणतात, म्हणून ही टोपीवाल्यांची वस्ती असावी, असा एक तर्क आहे. दुसरा तर्क असा की, त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मूर्ती असा असल्याने नावाचे मूळ तेथे शोधावे. संगमावरच्या उंचवट्यास श्वीवाया गोर्का म्हणतात. ती शिंप्यांची टेकडी की उवांची टेकडी, याविषयी पंडितांचे अद्यापि एकमत नाही.

मडके, हंडा आणि तिपाई या तीन वस्तू एकत्र मांडल्या म्हणजे आपल्या ध्यानात येते की, एका अफाट शहराची सगळी चूल या एका टेकडीवर घडत होती. मॉस्कोत जे शिजले ते याऊझेपलीकडच्या भांड्यांत शिजले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल, पण ती फार मोठी होणार नाही.

ही माणसे नदीपलीकडे का गेली, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि तो शब्द म्हणजे आग. जुने मॉस्को लाकडाचे होते. घरे लाकडाची, देवळे पुष्कळशी लाकडाची, रस्त्यांवर पसरलेले ओंडकेही लाकडाचे. अशा शहरात ज्याचा धंदा रात्रंदिवस भट्टी पेटवून ठेवण्याचा, त्याला शेजारी म्हणून कोण राहू देणार? म्हणून कुंभार, लोहार, हंडे घडविणारे, एकूण ज्यांचा आगीशी नित्य व्यवहार, ते सारे नदीच्या पलीकडे वसले. मध्ये पाणी होते. ठिणगी उडाली तरी ती ओलांडून येण्याचे भय कमी. शिवाय पाणी त्यांनाही हवेच होते. माती मळावयास पाणी, लाकूडफाटा आणावयास नदी, तयार माल बाजारास न्यावयासही नदीच. शहराची भीती आणि कारागिरांची सोय यांची अशी तडजोड होऊन पंधराव्या-सोळाव्या शतकांत ही वस्ती नांदती झाली.

परंतु या व्यवस्थेची पुढची हकीकत मोठी उद्बोधक आहे. १५४७ हे साल मॉस्कोच्या इतिहासात आगीचे साल म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच वर्षाच्या जानेवारीत तरुण इव्हान, ज्यास पुढे ‘भयंकर’ हे विशेषण लागले, त्याने झारपदाचा अभिषेक करवून घेतला होता. एप्रिलात एक आग शहराच्या बाजारपेठेत लागली. त्यानंतर आठवडाभरात दुसरी आग याऊझेपलीकडे लागली, आणि त्या आगीत कुंभारांची व कातडी कमावणाऱ्यांची घरे जळून गेली, असे बखरकारांनी नमूद केले आहे. या वस्तीविषयीची जी जुनी नोंद आमच्या वाचनात आहे ती ही अशी, जळाल्याची. पण शहराचा खरा संहार त्यानंतर झाला. २१ जूनला जी महाआग उठली तिने क्रेम्लिनसुद्धा सोडले नाही; ती सुरू झाली शहराच्या पश्चिमेस, आर्बात रस्त्यावरील एका चर्चपासून. म्हणजे ज्या भट्ट्यांस भिऊन शहराने कुंभारांस पूर्वेकडे नदीपार केले, त्यांच्याकडून ती आली नाही. ती विरुद्ध दिशेने, देवघरातून आली. पुढे १७३७ साली पुन्हा शहर जळाले, तेव्हा ‘एका दमडीच्या मेणबत्तीने मॉस्को जळाले’ अशी म्हणच रूढ झाली. ज्याला रोज आगीशी खेळावे लागते तो तिला ओळखून असतो, आणि घात होतो तो बहुधा निष्काळजी सभ्य माणसाच्या मेणबत्तीने, असा बोध कोणी काढू म्हणेल तर आम्ही त्यास हरकत घेणार नाही.

अशा वस्त्यांस रशियन भाषेत ‘स्लोबोदा’ असे नाव आहे. आपल्या पेठेशी किंवा आळीशी तिचे थोडे साम्य आहे. एका धंद्याची माणसे एके ठिकाणी राहात, त्यांचा एक मुखिया असे, त्यांचे एक चर्च असे, आणि सरकारात भरावयाच्या कराची जबाबदारी सर्वांची मिळून असे. एकाने कर चुकविला तर तो बाकीच्यांच्या माथी बसे. आता गंमत अशी की, ‘स्लोबोदा’ हा शब्द ‘स्वोबोदा’ या शब्दाचेच एक रूप आहे, आणि ‘स्वोबोदा’ म्हणजे स्वातंत्र्य. नव्या जागी येऊन वसणाऱ्यांस आरंभी काही वर्षे करांची किंवा वेठीची सूट मिळे, त्यावरून हे नाव पडले. पण शब्द तोच राहिला आणि त्यातील अर्थ हळूहळू निघून गेला. १६४९ साली झार अलेक्सेई मिखाइलोविच याच्या कारकिर्दीत जी मोठी कायदेसंहिता झाली तिने शहरातील करदात्या कारागिरांस आपापल्या वस्तीशी कायमचे बांधून टाकले. त्याच संहितेने खेड्यातील कुळांस जमीनदाराच्या जमिनीशी जखडले, हे सर्वश्रुत आहे. पण शहरातल्या माणसांविषयीही तिने तेच केले, हे तितकेसे कोणी सांगत नाही. तेव्हापासून ज्या वस्तीचे नाव स्वातंत्र्य, ती सोडून जाण्याचे स्वातंत्र्य तेवढे तेथील रहिवाशास उरले नाही. शब्दांचे प्राण असे निघून जातात आणि देह तसाच हिंडत राहतो, हे आम्हां शब्दांवर पोट भरणाऱ्यांस पुनःपुन्हा आठवावयास हवे.

या कुंभारांनी काय घडविले, हे आपणांस फार उशिरा कळले. दुसरे महायुद्ध संपल्याबरोबर, १९४६ आणि १९४७ साली, पुराणवस्तुसंशोधक मिखाईल राबिनोविच यांच्या देखरेखीखाली याऊझेच्या मुखाशी उत्खनन झाले. तेव्हा जमिनीखाली भट्ट्यांचे अवशेष आणि खापऱ्यांच्या राशी सापडल्या. पुराणवस्तुसंशोधकास राजवाड्याच्या पायापेक्षा कुंभाराचा उकिरडा अधिक बोलका वाटतो, आणि ते खरेही आहे. उकिरड्यावर धंद्याचे सारे अपयश साठलेले असते. वाकडे झालेले, तडकलेले, अति भाजलेले. बाजारात गेलेला माल हात सफाईदार होता एवढेच सांगतो. टाकून दिलेला माल तो हात तयार कसा झाला हे सांगतो.

या कुंभारांच्या कामात काळ्या भांड्यांचा एक प्रकार आहे, त्याची कृती ऐकण्यासारखी आहे. भांडे चाकावरून उतरवून थोडे सुकले म्हणजे गुळगुळीत गारगोटीने किंवा हाडाने ते घोटीत. मग भट्टीत भाजताना शेवटी शेवटी हवा कोंडून धूर माजवीत. हवा न मिळाल्याने मातीतील लोहाचा लालपणा जाऊन ती काळी पडे, आणि जेथे घोटणी फिरली असेल तेथे तिला पोलादासारखी चमक येई. हे सारे कशासाठी? तर ज्या गृहस्थास चांदीची किंवा कथिलाची सुरई परवडत नाही, त्याच्या मेजावरही धातूसारखी दिसणारी सुरई यावी म्हणून. या भांड्यांचे आकारही धातूच्या भांड्यांवरून घेतलेले आहेत. यात कोणास गरिबाचा भपका दिसेल. आम्हांस त्यात कुंभाराची एक प्रकारची उदारता दिसते. हाताशी माती, लाकूड आणि धूर एवढेच साहित्य असताना त्याने मध्यम स्थितीतल्या माणसाच्या घरी थोडी शोभा पोहोचविली. आणि ती लबाडी नव्हती, कारण घेणारा आणि देणारा दोघेही जाणत होते की ही मातीच आहे.

आता आम्ही या हकीकतीतील ज्या भागाकडे येत आहो, त्यासाठीच खरे म्हणजे हा लेख लिहावयास घेतला. १६५४ हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्या साली कुंभारांनी आपल्या वस्तीत पक्के चर्च बांधले. त्याच साली मॉस्कोत प्लेगाने असा हाहाकार माजविला की कित्येक वस्त्या ओस पडल्या. आणि त्याच साली झार अलेक्सेई याने पोलंड-लिथुएनियाच्या राज्याशी युद्ध आरंभिले. आज जो बेलारूस देश आहे त्यातील मस्तिस्लाव्हल हे गाव त्या उन्हाळ्यात मॉस्कोच्या सैन्याने घेतले आणि तेथे भयंकर कत्तल झाली. जे वाचले त्यांतील कित्येक रशियात आणले गेले. त्या पाडाव केलेल्यांत कुंभारकाम जाणणारा एक इसम होता. त्याचे नाव स्तेपान इव्हानोव्ह, आणि त्याचे उपनाव पोलुबेस. ‘पोलुबेस’ या शब्दाचा सरळ अर्थ ‘अर्धा भूत’ असा होतो. हे उपनाव त्यास कोणी व का दिले असेल ते असो. भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या, काजळीने माखलेल्या माणसास ते शोभून दिसते खरे.

बेलारूसच्या या कारागिरांपाशी एक विद्या होती जी मॉस्कोच्या कुंभारांस तितकीशी अवगत नव्हती. रशियातील कडक थंडीत घरोघर मोठमोठ्या विटांच्या शेगड्या असत, आणि त्यांस बाहेरून नक्षीच्या टाइली बसवीत. मॉस्कोत या टाइली आधी नुसत्या लाल मातीच्या होत, मग त्यांवर पारदर्शक हिरवी झिलई येऊ लागली. पश्चिमेकडून आलेल्या कारागिरांनी कथिलाच्या योगाने होणारी अपारदर्शक झिलई आणली. ती मातीचा रंग पूर्ण झाकते. म्हणून तिच्यात पांढरा, पिवळा, निळा, हिरवा, तपकिरी असे निरनिराळे रंग एकाच टाइलीवर शेजारी शेजारी बसविता येतात. टाइल करण्याची रीत अशी : लाकडात उलटी नक्षी कोरून साचा करावयाचा, त्यात माती दाबून भरावयाची, मागल्या बाजूस भिंतीत पक्की बसावी म्हणून पेटीसारखी कड काढावयाची, मग ती सुकवून एकदा भाजावयाची, नंतर झिलई देऊन पुन्हा भाजावयाची. दोनदा आगीतून गेल्यावाचून रंग उघडत नाही.

पेट्रिआर्क निकोन या महत्त्वाकांक्षी धर्मगुरूने अशा कारागिरांस प्रथम आश्रय दिला. व्हाल्दाई सरोवरातील आपल्या मठात, आणि पुढे मॉस्कोजवळ ‘नवे जेरुसलेम’ म्हणून जो अजस्र मठ त्याने उभारावयास घेतला त्यात. त्या मठाच्या मंदिरात मूर्तीचित्रांचे पडदेसुद्धा लाकडाऐवजी रंगीत टाइलींचे केले होते. परंतु निकोनचे आणि झारचे बिनसले, आणि १६६६ साली धर्मसभेने त्यास पदच्युत केले. मालक गेला तेव्हा कारागिरांस मॉस्कोत आणण्यात आले, आणि पोलुबेस कुंभारवस्तीत येऊन राहिला.

त्यानंतर थोड्याच वर्षांत मॉस्क्वा नदीच्या दक्षिणेस, पोल्यान्का रस्त्यावर, नेओकेसरियाच्या संत ग्रेगरीचे चर्च उभे राहिले. त्याचे बांधकाम १६६८ साली सुरू होऊन १६७९ साली पुरे झाले. त्याच्या भिंतींच्या माथ्यावरून टाइलींचा एक रुंद पट्टा फिरविला आहे. त्यास सुमारे ९००० टाइली लागल्या, आणि त्या स्तेपान पोलुबेसने घडविल्या. त्यावरील नक्षीस रशियन लोक ‘मोराचा डोळा’ म्हणतात. तांबड्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या रंगांची ती अनेक चक्षूंची पिसे पाहिली म्हणजे ज्यांच्या देशात मोर रानात नाचतो अशा आम्हां लोकांचे पाऊल तेथे आपोआप थबकते. इझ्माइलोवोच्या भव्य चर्चवरही त्याच्या कामाचा असाच साज आहे. आणि खुद्द कुंभारवस्तीतील चर्चवर चार शुभवर्तमानकारांच्या ज्या मोठ्या झिलईदार आकृती आहेत, त्याही त्याच्याच हातच्या मानल्या जातात.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. ज्या सैन्याने त्याचे गाव जाळले, त्याच राज्याच्या राजधानीस या माणसाने मोरपिसे नेसविली. हे त्याने खुषीने केले की नाइलाजाने, प्रेमाने की पोटासाठी, हे सांगणारा एकही कागद त्याने मागे ठेवला नाही. अशा ठिकाणी लेखकांस दोन मोह होतात. एक, त्या टाइलींतून बंदिवानाचे अश्रू वाचावयाचे; दुसरा, कला सर्व जखमा बुजविते असे म्हणून मोकळे व्हावयाचे. आम्ही हे दोन्ही मोह टाळू इच्छितो. टाइलींवर अश्रू दिसत नाहीत, आणि कत्तल झालेली माणसे कोणत्याही नक्षीने परत येत नाहीत. जे दिसते ते एवढेच की, हजारो टाइलींच्या कामात हात कोठे ढिला पडलेला नाही. भिंतीच्या माथ्यावर, जेथे खालून कोणास बारकावा कळणार नाही अशा ठिकाणीही, रेघ नीट आहे. पारतंत्र्यात माणसाचे पुष्कळ काही हिरावून घेता येते. पण काम चांगले करावयाचे की वाईट, हा निर्णय शेवटपर्यंत त्याच्याच हाती राहतो. पोलुबेसने तो कसा केला ते भिंतीवर आहे.

कुंभारवस्तीचा हा भरभराटीचा काळ फार टिकला नाही. पीटर झार झाला आणि त्याचे लक्ष नव्या राजधानीकडे लागले. १७१४ साली त्याने सेंट पीटर्सबर्गखेरीज इतरत्र दगडी बांधकाम करण्यास मनाई केली. मॉस्कोत चर्चेच उठेनाशी झाली तेव्हा त्यांवर टाइली कोण चढविणार? त्यातून पीटरला हॉलंडच्या पांढऱ्यावर निळ्या रंगाच्या सपाट टाइलींचे वेड. १७०९ साली दोघा स्वीडिश युद्धकैद्यांस त्या पद्धतीचे काम करण्यासाठी ‘नव्या जेरुसलेम’च्या मठात धाडण्यात आले. एका युद्धाचे कैदी एक तऱ्हा घेऊन आले होते. दुसऱ्या युद्धाच्या कैद्यांनी तिची पीछेहाट केली.

मग कारखान्याचे युग आले. १७२४ साली अफनासी ग्रेबेन्श्चिकोव्ह या व्यापाऱ्याने तागान्क्याजवळ मातीच्या चिलमींचा व टाइलींचा कारखाना काढला, आणि पुढे तेथे झिलईदार भांडी होऊ लागली. त्यासाठी माती येई ती मॉस्कोच्या आग्नेयेकडील ग्झेल परगण्यातून. या मातीची कीर्ती जुनी होती; औषधी भांड्यांसाठी ती पाठवावी असा झार अलेक्सेईचा १६६३ सालचा हुकूम प्रसिद्ध आहे. ग्झेलचे जे लोक कारखान्यात कामास आले ते विद्या शिकून आपल्या गावी परतले आणि तेथे स्वतःच्या भट्ट्या लावल्या. आज जगभर जी निळी-पांढरी ग्झेलची भांडी रशियाची म्हणून ओळखली जातात, त्यांच्या वंशवृक्षाचे एक मूळ असे याऊझेपलीकडे जाते. मॉस्कोच्या टेकडीवर मात्र १७७१ च्या प्लेगने आणि १८१२ च्या आगीने जुन्या वस्तीचे जे उरले होते तेही पुसून टाकले. श्रीमंत व्यापाऱ्यांचे आणि सरदारांचे वाडे तेथे उभे राहिले होते. त्यांतील बाताशेव्ह या लोखंडाच्या कारखानदाराच्या वाड्यात १८१२ साली नेपोलियनचा सेनापती म्युरा याने मुक्काम ठोकला होता. ज्या टेकडीस शहराने एकदा आगीच्या भीतीने आपल्यापासून दूर ठेवले होते, ती आता वरून दिसणाऱ्या देखाव्यामुळे महाग झाली.

आम्हांस ती टेकडी पायाखालून घालण्याचा योग आला तेव्हा तागान्का चौकातून आम्ही गोंचार्नाया रस्त्याने नदीकडे उतरलो. प्रथम कुंभारांचे चर्च लागले. ते सोव्हिएत काळातही बंद पडले नाही, आणि १९४८ साली बल्गेरियाच्या चर्चसंस्थेकडे सोपविण्यात आले. रस्ता बेताचा रुंद, रहदारी थोडी. पुढे संगमावरच्या टेकडीवर हुतात्मा निकिता याचे चर्च आहे. साव्हा वागिन नावाच्या व्यापाऱ्याने ते १५९५ साली बांधले, असे तेथील शिलालेख सांगतो. आणि त्याच्याही पुढे, थेट नदीच्या काठावर, एक अवाढव्य इमारत आकाश अडवून उभी आहे. दिमित्री चेचुलिन आणि आंद्रेई रोस्तकोव्स्की या शिल्पज्ञांच्या आराखड्यावरून स्टालिनच्या काळात उभारलेल्या सात गगनचुंबी इमारतींपैकी ती एक. १९५२ साली पुरी झालेल्या या इमारतीचे शिखर १७६ मीटर उंच आहे. येथे नामांकित माणसांस घरे मिळाली. नर्तकी गालिना उलानोव्हा, लेखक कोन्स्तांतिन पाउस्तोव्स्की अशी मंडळी येथे राहिली. आणि ही इमारत उभारताना कैद्यांचेही श्रम खर्ची पडले. तीनशे वर्षांत टेकडीवर पुष्कळ काही बदलले. पण राजधानीचे सौंदर्य बंदिवानाच्या हातून करवून घेण्याची रीत तेवढी बदलली नव्हती. फरक असेल तर हा की, पोलुबेसचे नाव आपणांस ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, हे सारे जुन्याचे गोडवे गाणे आहे. तसे ते नाही. कुंभारवस्तीतील जीवन सुखाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. धूर, ओल, शिसे मिसळलेल्या झिलईचे विष, कराचा सामायिक बोजा आणि वस्ती सोडण्याची बंदी, हे ज्यांच्या वाट्यास आले त्यांच्या दैवाचा हेवा करणे हा सुस्थितीतील माणसाचा विलास होय. कारखान्याने भांडी स्वस्त केली आणि गरिबाच्या घरात चार भांडी अधिक आली, ही गोष्ट लहान नाही. आमचे म्हणणे याहून साधे आहे. शिकलेल्या माणसांच्या समाजात एक समजूत खोल रुजलेली असते की, संस्कृती म्हणजे जे लिहिले गेले ते. आणि जे मळले, ठोकले, भाजले गेले ते केवळ उपयोगाचे. या समजुतीमुळे ज्यांच्या हातांवर आपण जगतो त्यांस आपण मनाच्या वस्तीत नदीपार ठेवतो. त्यांची वस्तू घरात येते. ते येत नाहीत. झायाऊझ्येचा इतिहास वाचताना आम्हांस टोचले ते हे. कारण तेथे शहराने जे उघड उघड नदी मध्ये घालून केले, तेच आपण सारे ग्रंथ मध्ये घालून करीत असतो.

आणि तरीही त्या रस्त्याच्या नावाची गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. क्रांतीनंतर नव्या राजवटीने गोंचार्नाया हे नाव काढून टाकले आणि १९१८ साली पेत्रोग्रादेत मारल्या गेलेल्या व्होलोदार्स्की या क्रांतिकारकाचे नाव त्या रस्त्यास दिले. ज्या राजवटीने स्वतःस कष्टकऱ्यांची राजवट म्हणविले, तिने कष्टकऱ्यांच्या नावाचा रस्ता एका वक्त्याच्या नावे करावा, यातील विसंगती त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नसावी. सुमारे सत्तर वर्षे ते नाव पाटीवर राहिले. मग ती राजवट गेली, आणि १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत रस्त्यास त्याचे जुने नाव परत मिळाले. तोपर्यंत त्या टेकडीवर चाक फिरेनासे होऊन कित्येक पिढ्या लोटल्या होत्या. परत आलेल्या नावाचा हक्क सांगावयास तेथे एकही कुंभार उरलेला नव्हता. तरीसुद्धा शहरास ते नाव त्यांनाच परत करावेसे वाटले.